लव्हिनियाची बहीण

२० जानेवारी १९८५, पिस्कॅटवे

थंडी अशी की खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनेही बर्फ धरलाय. काकूंनी सकाळी आणखी एक ब्लँकेट आणून दिलं. या घरात मी भाडेकरू आहे हे मालिनीकाकू विसरतात आणि मीही.

काल डॉ. व्हिटलोंनी तिसरं प्रकरण परत दिलं. त्या माझ्या गाइड, आणि आमच्या विभागातल्या एकुलत्या एक काळ्या प्राध्यापक. म्हणाल्या, "नीटनेटकं आहे. टिपा उत्तम. पण सुजाता, या बायकांवर लिहायला नागपूरहून एवढ्या लांब तू का आलीस, ते यात कुठे दिसत नाही." मी म्हटलं, संशोधकानं स्वतःला बाहेर ठेवावं असं मला शिकवलंय. त्या हसल्या. मला ते हसणं अजून टोचतंय. मी विसाव्या शतकातल्या काळ्या स्त्रियांच्या कवितेवर लिहितेय, माझं आत्मचरित्र नाही.

बातमी मात्र मोठी आहे. ओडेसा प्रुइट जिवंत आहे! १९३१ साली एकच पातळ कवितासंग्रह काढून गप्प झालेली ही बाई. माझ्या प्रकरणात मी तिला बिनदिक्कत 'दिवंगत' करून टाकलं होतं. नेवार्कच्या एका चर्चमधून फोन आला. ती शाळामास्तरीण होती, ऐंशी ओलांडलीय, कान शाबूत आहेत, आणि माणसं तिला फारशी आवडत नाहीत. शनिवारी बोलावलंय.

कविता मात्र होत नाही. नागपूरला असताना बसच्या तिकिटामागेही लिहायची. इथे दोन ओळी होतात आणि तिसरीला पेन थांबतं. हवामान असेल.

२६ जानेवारी

भेटले. लिफ्ट बंद होती, जिने चढून गेले. दार उघडलं तर समोर उंच, ताठ, काळी कुळकुळीत बाई. केस पांढरेशुभ्र. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "मिस शेंडे, मला वाटलं तुम्ही वयानं मोठ्या असाल. फोनवर फार गंभीर बोलता."

टेपरेकॉर्डर काढला तर तिनं तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवला. "माझी एक अट आहे. तुम्ही एक प्रश्न विचाराल, मग मी एक विचारीन. तीस वर्षं मुलांना शिकवलंय. नुसती उत्तरं देत बसायची मला सवय नाही."

मी विचारलं, पहिली कविता कधी लिहिली. ती सविस्तर बोलली. मग तिची पाळी.

"तुमचे वडील काय करतात?"

"रेल्वेत होते."

"रेल्वेत काय करायचे?"

"काम करायचे," मी म्हटलं.

ती मोठ्यानं हसली. "माझेही रेल्वेत काम करायचे. गोऱ्या प्रवाशांचं सामान उचलायचे आणि ते सगळे त्यांना 'जॉर्ज' म्हणायचे. त्यांचं नाव जॉर्ज नव्हतं." आणि माझ्याकडे पाहत राहिली. माझ्याकडून आणखी काही येईल म्हणून वाट बघत असावी. मी पुढचा प्रश्न विचारला.

चांगलं रेकॉर्डिंग झालं.

९ फेब्रुवारी

ट्रेनमध्ये लिहितेय, हात हलतोय. माझं प्रकरण कोसळलं आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटतंय.

तिच्या संग्रहातल्या जवळजवळ सगळ्या कविता कुणा 'तू'ला उद्देशून आहेत. 'तू गेलीस तरी मी दार लावत नाही, घरभर थंडी होते, आई रागावते' अशा. इंग्रजीत 'तू'ला बाई-पुरुष नाही. मी पानंच्या पानं लिहून ठेवलंय की हा 'तू' म्हणजे ईश्वर. आज विचारलं तर म्हणाली, "ईश्वर? ईश्वराला दार कशाला लागतं? ती लव्हिनिया. माझी धाकटी बहीण."

दोघी एकाच आईबापाच्या, पण लव्हिनियाचा रंग इतका उजळ की दुकानात तिला कुणी अडवायचं नाही. ओडेसा बाहेर उभी राहायची, ती आत जाऊन फीत घेऊन यायची. १९२६ साली फिलाडेल्फियाला नोकरीला गेली ती गोरी म्हणूनच राहिली. पासिंग म्हणतात त्याला इथे. एका गोऱ्या माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली. परत आली नाही. पत्रही नाही. सहा-सात वर्षांपूर्वी वारली, तेही ओडेसाला पेपरातून कळलं.

गंमत म्हणजे तिनं नाव बदललं नव्हतं. तशी गरजच नव्हती. प्रुइट गोऱ्यांतही असतात. लोक स्वतःच समजून घ्यायचे, ती फक्त दुरुस्त करायची नाही.

कशी राहिली असेल? जेवताना, हसताना, कुणी काळ्यांबद्दल काही बोललं की मान खाली घालून? मला तर चीड आली. आई जिवंत असताना!

घरी आले तर काकूंनी गरम वरणभात ठेवला होता. पुढच्या रविवारी सत्यनारायण आहे म्हणाल्या. राजारामकाकांना प्रमोशन मिळालं.

१७ फेब्रुवारी

सत्यनारायण झाला. काकू नेमक्या कालपासून बाजूला. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुजाता, शिरा तूच कर बाई. मी प्रसादाला कुणाला हात लावू देत नाही, पण तू काय, आपल्यातलीच." मी न्हाऊन आले. रवा भाजला, केळी घातली. सगळ्यांनी दोनदा मागून घेतला. एक जोशीकाकू म्हणाल्या, अगदी पुण्याची चव.

मी इथे आले तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "शेंडे म्हणजे पुण्याचे का गं?" मी म्हटलं, "नागपूरचे." ते खरंच आहे. त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही.

आई इथे असती तर

दुपारी लव्हिनियावर चार पानं लिहिली. 'आत्मवंचना' हा शब्द वापरला. नेमका शब्द आहे, आवडला. इंग्रजीत तितका धारदार पर्याय सापडेना.

२ मार्च

भांडणच झालं म्हणायचं.

लव्हिनियाची मुलगी फिलाडेल्फियाच्या बाहेर राहते. नाव कॅरोलिन, बागकामाचं दुकान चालवते, नंबर टेलिफोन डिरेक्टरीत आहे. हे ओडेसानंच सहज सांगितलं. मी म्हटलं, मला तिला भेटायचंय. हे सगळं प्रबंधात यायला हवं. या कविता आजवर भक्तिगीतं म्हणून वाचल्या गेल्या. लोकांना सत्य कळायला नको?

"नाही," ती म्हणाली.

"पण मिस प्रुइट, तिनं तुम्हाला नाकारलं. तुम्ही तिला का सांभाळता?"

"मी तिला सांभाळत नाहीये. तिच्या मुलीला आपण कोण ते ठाऊक नाही. ज्या घरात ती वाढली, त्याच्या भिंती तुम्ही पाडाल आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत जाल."

मग तिनं आपणहून सांगितलं. १९५८ साली आई गेली. दफनाच्या वेळी रस्त्यापलीकडे एक निळी गाडी उभी होती. आत हॅट घातलेली बाई. ओडेसानं ओळखलं. "लोकांना वाटतं, ती खाली उतरली नाही म्हणून मला राग आला असेल. त्याचा नाही आला. तिला भीती वाटत होती, मला कळत होतं. राग आला तो याचा, की तिनं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं."

मग म्हणाली, "आता माझी पाळी. तुम्ही ज्या घरात राहता, तिथे तुम्हाला काय म्हणून ओळखतात?"

"पेइंग गेस्ट."

"असं?"

"म्हणजे मुलीसारखंच वागवतात."

"कुणाच्या मुलीसारखं?" तिनं विचारलं.

एका पाळीला एकच प्रश्न असं ठरलं होतं. मी तसं म्हटलं आणि टेप बंद केली. शाळेत शिकवणाऱ्या माणसांचं हेच असतं, सगळ्यांत त्यांना चुकणारी मुलंच दिसतात.

९ मार्च

नेवार्कला गेले नाही. सर्दी.

२३ मार्च

मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. हायस्कूलच्या सभागृहात गुढी उभारली होती. काकूंनी मला त्यांची मोरपंखी साडी नेसायला दिली. जेवणाच्या रांगेत उभ्या होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "जय भीम, ताई!"

वळून पाहिलं. पंचविशीचा मुलगा, जाड चष्मा, ओळखीचं हसू. "मी ईश्वर. इंदोऱ्याचा. विनयचा दोस्त, तुमच्या घरी कितीदा जेवलोय. इकडे एका केमिकल कंपनीत लागलो आता."

काकू शेजारी होत्या. त्यांच्या हातात दोघींच्या प्लेट होत्या.

मी म्हटलं, "नमस्कार. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी नाही ओळखलं."

त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. "सॉरी हां," म्हणाला. "असेल. चुकलो असेन." आणि जेवायचा थांबलाच नाही, सरळ दाराकडे गेला.

गाडीत काकू म्हणाल्या, "कोण गं तो? हल्ली इथेही येतात हे लोक." काका म्हणाले, "अगं, चांगला इंजिनिअर दिसत होता." काकू म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं?" मी खिडकीतून बाहेर बघत होते.

विनय माझा भाऊ. ईश्वर आमच्याकडे बारावीचा अभ्यास करायचा, माझ्याच टेबलावर. आई त्याला आधी वाढायची.

२४ मार्च

काही नाही.

२६ मार्च

त्या वेळी रांग होती, गर्दी होती, अचानक कुणी हाक मारली की माणूस गोंधळतं. शिवाय मी खोटं नाव सांगितलेलं नाही. फक्त

लव्हिनियावरची पानं वाचली. फाडली नाहीत. पण 'आत्मवंचना' हा शब्द ज्या बाईनं लिहिला ती कोण, असं वाटलं. लायब्ररीतून उठून बाहेर येऊन उभी राहिले.

३० मार्च

नेवार्क. टेपरेकॉर्डर नेला नाही.

कोट न काढताच सांगायला लागले. "माझे वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत उन्हात मैलोन्‌मैल चालायचे. आई विड्या वळायची, अजून वळते. आम्ही बौद्ध आहोत. आमच्या आजोबांपर्यंत लोक आम्हाला शिवत नसत. माझं आडनाव ब्राह्मणांतही असतं. ज्या घरात मी राहते त्यांनी समजून घेतलं आणि मी दुरुस्त केलं नाही. परवा माझ्या भावाच्या मित्राला मी ओळखत नाही म्हणाले."

मला वाटलं, ओडेसा जवळ घेईल. निदान पाणी विचारेल.

"त्याला काय वाटलं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग इथे का आलात? मी तो मुलगा नाही."

मी रडायला लागले तर म्हणाली, "रडा, पण ऐका. लव्हिनियाचा मी पन्नास वर्षं विचार केलाय. ती दुष्ट नव्हती. तिला गोऱ्यांचं घरही आवडलं असेल, त्यांच्यातली काही माणसं खरंच चांगली असतील. तुमच्या त्या बाईही चांगल्या असतील. अवघड तेच असतं. वाईट माणसांना सोडून यायला कुणाचं काय जातं?"

मग तिनं चहा केला. साखर न विचारता घातली, भरपूर.

६ एप्रिल

विनयला ट्रंक कॉल करून ईश्वरचा नंबर घेतला. त्याला का हवा ते सांगितलं नाही. ईश्वर पलीकडच्या गावात एका खोलीत राहतो. गेले. दार उघडल्यावर मीच म्हटलं, "जय भीम."

तो बाजूला झाला. "या ना, ताई."

मी माफी मागितली. जी वाक्यं पाठ केली होती ती आठवली नाहीत. तो मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, "राग नाही आला असं नाही म्हणणार. त्या दिवशी गाडी चालवता येईना, पार्किंगमध्ये बसून राहिलो. पण ताई, मलाही ऑफिसात एका देशपांड्यानं विचारलं, तू नागपूरच्या कुठल्या भागातला. मी म्हटलं, सिव्हिल लाइन्स. इंदोरा तोंडातून निघालंच नाही." आणि आम्ही दोघं हसलो, कसंनुसं.

मग तो उठला आणि कपाटातून एक कापडी पुडकं काढलं. "तुमच्या आईनं दिलं होतं. निघायच्या दिवशी मुद्दाम स्टेशनवर आली होती. पाडव्याच्या दिवशी गाडीत ठेवलं होतं, तुम्हाला द्यायला."

कुरडया होत्या. प्रवासात बऱ्याच मोडलेल्या. वर आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी, घट्ट गाठ मारलेली. म्हणजे मी नाही म्हणाले तेव्हा हे बाहेर गाडीत होतं.

"घरी कळवलंस?" मी विचारलं.

"काय कळवू? ताई बिझी होती म्हणालो."

१४ तारखेला युनिव्हर्सिटीत एक खोली घेऊन जयंती करताहेत. पंधरा-वीस जण असतील. मी बोलावं असं ईश्वर म्हणतो. हो म्हटलं. म्हणजे आधी घरी बोलायला हवं.

११ एप्रिल

बोलले.

काकू कोथिंबीर निवडत होत्या. काका हॉलमध्ये टीव्ही बघत होते, त्यांची मुलगी उत्तरा टेबलावर होमवर्क करत होती. तिच्यासमोर नको असं आधी वाटलं, मग वाटलं, असू दे.

"काकू, मंडळात मला हाक मारली तो ईश्वर आमच्याच वस्तीतला. मी त्याला चांगली ओळखते. आम्ही बौद्ध आहोत."

काकूंचा हात थांबला. "पण तू तर शेंडे."

"आमच्यातही शेंडे असतात."

"बरं मग?" त्या घाईनं म्हणाल्या. "त्यात काय एवढं! आम्ही नाही हं असलं काही मानत. अमेरिकेत येऊन कोण मानतं?" काड्या भराभर तोडायला लागल्या. पानंही त्यातच जात होती. थोड्या वेळानं, मान वर न करता, "म्हणजे तो सत्यनारायणाचा शिरा..."

"मीच केला होता. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी विश्वासानं सांगितलं होतं, सुजाता."

"कशावर विश्वास, काकू?"

मग त्यांचा आवाजच बदलला. "दीड वर्षं माझ्या घरात राहिलीस. तापानं फणफणलीस तेव्हा रात्रभर तुझ्याजवळ बसले. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला वाईट वाटायला नको?"

ते खरंच होतं.

उत्तरा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "मॉम, व्हॉट डिड शी डू?"

"नथिंग," काकू म्हणाल्या.

"देन व्हाय आर यू क्राइंग?"

काकू उठून बेसिनपाशी गेल्या आणि कोथिंबीर धूत राहिल्या. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

१४ एप्रिल

एका वर्गात फळ्याला टेकवून बाबासाहेबांचा फोटो ठेवला. ट्यूलिपचा हार, कारण दुसरी फुलं मिळाली नाहीत. डॉ. व्हिटलो आल्या, मागच्या बाकावर बसल्या. ईश्वर नेवार्कला जाऊन ओडेसाला गाडीतून घेऊन आला. जांभळी हॅट, हातमोजे. तिला पहिल्या बाकावर बसवलं तर म्हणाली, "वर्गात मी इकडून कधी बसले नव्हते."

मी उभी राहिले. भाषण लिहून नेलं होतं, ते तसंच राहिलं. म्हटलं, मी सुजाता. गँगमन शंकरराव शेंडे आणि विड्या वळणाऱ्या जाईबाई शेंडे यांची मुलगी, इंदोरा, नागपूर. आधी मराठीत, मग ओडेसासाठी इंग्रजीत. एका बाईच्या कडेवरचं पोर किरकिरत होतं, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.

चहाआधी ईश्वरनं ओडेसाला कविता म्हणायची विनंती केली. ती उठली. पुस्तक नव्हतं हातात. म्हणाली, "ही कविता मी लव्हिनिया प्रुइटसाठी लिहिली. माझी बहीण. ती गोरी म्हणून जगली, गोरी म्हणून मेली. तिचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं." आणि म्हणून दाखवली. निम्म्यांना इंग्रजी कविता कळली नसेल. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, सगळे नुसते उभे राहिले.

गाडीत बसताना मला म्हणाली, "अजूनही छापायचं नाही हं. समजलं ना?" मी हो म्हटलं. लव्हिनियावरची ती पानं प्रबंधातून काढली आहेत. 'तू' म्हणजे सोडून गेलेली एक बहीण, एवढंच ठेवलंय. डॉ. व्हिटलोंना आवडेल की नाही माहीत नाही, पण प्रकरण आता माझंच वाटतं.

घरचं कुणी आलं नव्हतं. मी बोलावलं होतं.

२७ एप्रिल

काकू म्हणाल्या, उन्हाळ्यात उत्तराची मैत्रीण राहायला येणार आहे, खोली लागेल. अतिशय हळू आवाजात म्हणाल्या. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. गेले दोन आठवडे त्या मला ताट वाढून देतात, पूर्वी मी स्वतः घ्यायची. 'बस, बस, तू कशाला उठतेस' म्हणतात. पाहुण्यांना म्हणतात तसं.

युनिव्हर्सिटीजवळ खोली मिळाली. कविता लिहितेय. वाईट आहेत, पण पूर्ण होताहेत.

५ मे, नवी खोली

काकांनी सामान पोचवलं. काकू आल्या नाहीत. उत्तरा आली आणि माझी पुस्तकं उलटसुलट लावून गेली.

दुपारी नेवार्कला गेले. ओडेसा खिडकीशी बसली होती, फोन मांडीवर घेऊन. संधिवातानं तिची बोटं वाकलीत. म्हणाली, "नंबर तुम्ही फिरवा."

"कुणाचा?"

"कॅरोलिनचा."

"पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"तुम्ही सांगायचं नाही म्हणाले होते. मी सांगायचं नाही असं कुठे म्हटलं?"

मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावून धरला. तिकडे रिंग गेली. एका बाईचा आवाज आला, मागे कुत्रं भुंकत होतं.

"माझं नाव ओडेसा प्रुइट," ती शाळेत हजेरी घेतल्यासारखं स्पष्ट म्हणाली. "मी तुझ्या आईची मोठी बहीण."

मग त्या बाईनं विचारलं, "कोण बोलतंय?" ओडेसानं तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश. "मी काळी आहे," ती पुढे म्हणाली. "तुझी आईही होती." थोडा वेळ श्वास ऐकू आला, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

माझ्या हातात रिसीव्हर तसाच. ओडेसानं तो माझ्याकडून घेऊन जागेवर ठेवला, एकदा नीट बसलाय ना ते पाहिलं.

"लव्हिनियासारखाच आवाज आहे," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी या. परत लावू."